तोमासाबाईंनी मागितलेली माफी

दुकानात गिऱ्हाईक शिरलं की सेल्विन आधी त्याच्या पायांकडे बघायचा. पायात चकचकीत बूट असले, की तो लगबगीने खुर्ची पुढे करायचा आणि "या साहेब, बसा," म्हणायचा. प्लास्टिकच्या चपला असल्या आणि त्यांवर डोंगरवाटेचा चिखल वाळलेला असला, की तो जागचा हलायचाही नाही. "काय पाहिजे तुला?" एवढंच विचारायचा. आपल्यापैकी कितीजण असं वागतात, ते ज्याचं त्याने मनाशी पडताळून बघावं. सेल्विनला मात्र नऊ वर्षांत यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

ग्वाटेमालातल्या शेला शहरात, मधल्या बागेपासून दोन गल्ल्या सोडून ते कॉम्प्युटरचं दुकान होतं. सेल्विन तिथला सगळ्यात तरबेज विक्रेता. केस चापून बसवलेले, शर्टाला कडक इस्त्री, आणि छातीवरच्या बिल्ल्यावर नुसतं 'सेल्विन'. आडनाव कोयोय. ते लावलं असतं तर कुणीही ओळखलं असतं, की हा किचे, म्हणजे तिथल्या मूळच्या माया लोकांतला, मक्याच्या रानातून शहरात आलेला. म्हणून त्याने ते गाळलं होतं. आई वारल्यापासून तो किचे भाषेतला एक शब्द बोलला नव्हता. दुकानात किचे बायका आपसात बोलायला लागल्या की तो कपाळाला आठ्या घालायचा, जणू पलीकडे कोंबड्याच कलकलताहेत.

फेब्रुवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी तोमासाबाई चाक्लान त्या दुकानात आल्या. कमरेला हातमागाचं कोर्ते गुंडाळलेलं, अंगात कशिद्याचा वीपिल, पाठीवर शालीत बांधलेलं गाठोडं. साल्काहा गावात त्यांचा सुताला गाठी मारायचा धंदा होता. रंगात बुडवण्याआधी सूत ठिकठिकाणी आवळून बांधायचं, म्हणजे गाठीखालचं सूत पांढरं राहतं आणि विणताना त्याची नक्षी उमटते. तीस वर्षं गाठी आवळून त्यांच्या बोटांची पेरं सुजल्यासारखी झाली होती.

"पोरीसाठी लॅपटॉप हवा होता," त्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. "ती तंत्रशाळेत बांधकामाचे नकाशे काढायला शिकते. पहिलं वर्ष सगळं हातानं होतं. आता कॉम्प्युटरवर काढायचंय. तिच्या बाईंनी हे लिहून दिलंय."

सेल्विनने कागद घेतला. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: सोळा जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर अमुक दर्जाच्या खालचा नको, पंधरा इंची स्क्रीन. असं एक मशीन दुकानात होतं. कुठल्याशा कंपनीतून आलेलं, वापरलेलं, काळं, विटेसारखं जाडजूड. पण कपाटात चार महिने एक रुपेरी, पातळ लॅपटॉपही पडून होता. दिसायला देखणा, आतून अगदीच दुबळा. रॅम चार जीबी. पत्र लिहायला, सिनेमा बघायला ठीक. तो खपवणाऱ्याला मालकाने बक्षीस कबूल केलं होतं. दोन्हींची किंमतही जवळपास सारखीच होती.

सेल्विनने कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"हा घे. तुझ्या कागदातलं सगळं आहे यात."

"आणि तो काळा? बाई म्हणाल्या होत्या, दिसण्यावर जाऊ नका."

"ते भंगार आहे. शहरातले आर्किटेक्ट हा रुपेरीच वापरतात. तुला कळतं का यातलं काही?"

तोमासाबाई ओशाळल्या. "नाही हो. मला काय कळणार? तुम्ही म्हणाल तो घेते."

त्यांनी लॅपटॉप शालीत असा बांधला, जसं कुणी तान्हं लेकरू बांधतं. सेल्विनने दुपारी मालकाकडून बक्षीस घेतलं आणि संध्याकाळपर्यंत तो ती बाई विसरूनही गेला.

ऑक्टोबर उजाडला. तिकडे जानेवारीत सुरू होणारं शाळांचं वर्ष संपत आलं होतं. एके सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं, तोच तोमासाबाई पुन्हा दारात उभ्या राहिल्या. बरोबर सतरा-अठरा वर्षांची मुलगी होती. तिची मान खाली, हातात तोच रुपेरी लॅपटॉप, खोक्यासकट.

सेल्विनने लगेच ओळखलं. आता आरडाओरडा होणार! त्याची वाक्यं तयारच होती. "विकलेला माल परत घेत नाही. भिंतीवर लिहिलंय, बघ."

"भांडायला नाही आलो, साहेब," तोमासाबाई घाईघाईने म्हणाल्या. "तुमची माफी मागायला आलोय."

"माफी? कसली?"

"तुम्ही एवढं चांगलं मशीन दिलंत. आर्किटेक्ट लोकांचं. पण आमच्या ओडिलियाचं डोकं मंद निघालं. तिला ते झेपलंच नाही. शाळेने सांगितलं, हिला दुसरं काही शिकवा. आता एवढी चांगली वस्तू घरात ठेवून काय करू? कुणा हुशार लेकराला द्या. तुमचा शब्द आम्ही वाया घालवला, साहेब." आणि त्यांनी विणलेल्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी काउंटरवर ठेवली. "सकाळीच मक्याचे तामाल उकडलेत. तुमच्यासाठी."

सेल्विनने पुरचुंडी हातात घेतली. ती अजून ऊन होती. नऊ वर्षांत गिऱ्हाइकांनी त्याला शिव्या दिल्या होत्या, पोलिसांची धमकी दिली होती, एकाने तर माउस फेकून मारला होता. पण ज्याला फसवलं त्यानेच येऊन माफी मागावी, असं कधी घडलं नव्हतं!

तेवढ्यात मुलीच्या तोंडून हुंदका फुटला. मायलेकी किचेत बोलू लागल्या. या इस्त्रीच्या शर्टाला काही कळत नाही, या भरवशावर.

"आई, लोकांसमोर मंद नको ना म्हणू."

"रडू नको. साहेब काय म्हणतील?"

"मी खरंच बसायचे गं. भिंती काढेपर्यंत चालायचं. पण छप्पर चढवून इमारत फिरवायला गेलं की सगळं थिजायचं. पडदा पांढराफटक. तीन तासांचं काम जायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं, माझंच बोट चुकीच्या जागी पडतंय."

"आर्किटेक्टांचं बरं थिजत नाही! तुझंच काहीतरी चुकत असणार."

"हो," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "माझंच चुकतं. सोमवारपासून जाते मी तू बघून ठेवलेल्या त्या घरी धुण्याभांड्याला. तिथे तरी डोकं लागत नाही."

सेल्विनला शब्दन् शब्द कळत होता. जी भाषा ऐकून तो आठ्या घालायचा, ती आता कानांत उकळत्या तेलासारखी उतरत होती. मशीन मंद चालणार, हे त्याला ठाऊक होतं. फार तर बाई येईल, ओरडेल, आपण भिंतीवरची पाटी दाखवू, एवढाच त्याचा हिशोब होता. पण मशीनचा मंदपणा एक मुलगी स्वतःच्या डोक्यावर घेईल? आठ महिने? आणि 'आर्किटेक्ट' हा आपण सहज तोंडातून सोडलेला शब्द त्या घरात वेदवाक्य होऊन बसेल? देवा!

आवाज ऐकून मागच्या दुरुस्तीच्या खोलीतून एउलोहियो बाहेर आला. साठीचा, कपाळावर चष्मा, बोटांना डाग. दुकानात सगळे त्याला मास्तर म्हणायचे.

"पोरगी का रडतेय?" त्याने विचारलं. तोमासाबाईंनी सांगितलं. मास्तरने लॅपटॉपकडे पाहिलं आणि चष्मा नाकावर ओढला. "नकाशे? या डबड्यावर? पोरी, तुझं काढलेलं काही आहे का जवळ?"

ओडिलियाने गळ्यातल्या दोरीचा पेन ड्राइव्ह काढून दिला. त्यात तिचा शेवटचा, अर्धवट राहिलेला नकाशा होता: गावातल्या दवाखान्याची दुमजली इमारत. मास्तरने तो रुपेरी लॅपटॉपवर उघडला. पंखा घरघरू लागला. बराच वेळ गेला. इमारत दिसली. त्याने ती जराशी फिरवली मात्र, पडदा पांढराफटक!

"बघा," ओडिलिया पुटपुटली. "तुमच्या हातूनही चुकलं."

"माझ्या हातून?" मास्तर उडालाच. "चल आत."

आत त्याच्या टेबलावर त्याचं स्वतःचं जुनं, जाड, कळकट मशीन होतं. त्याने तोच नकाशा त्यावर उघडला आणि माउस तिच्या हातात दिला. "फिरव."

तिने भीत भीत बोट हलवलं. इमारत फिरली. जिने दिसले, खिडक्या दिसल्या, मागची भिंत दिसली, छप्पर दिसलं. तिने पुन्हा फिरवली. उलटी फिरवली. जवळ आणली, लांब नेली. काही थिजलं नाही, काही पुसलं गेलं नाही.

"म्हणजे..." ती मास्तरकडे वळली. "म्हणजे मी चुकत नव्हते?"

मास्तरने बोटाने बाहेरच्या रुपेरी लॅपटॉपकडे दाखवलं.

"आई! मी चुकत नव्हते गं!"

तोमासाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खोक्यातून तो घडी घातलेला कागद काढला आणि मास्तरपुढे धरला. मास्तरने मोठ्याने वाचला. "इथे स्वच्छ लिहिलंय, सोळा. याच्यात आहे चार. ग्राफिक्स कार्ड लिहिलंय, याच्यात त्याचा पत्ताच नाही. आंधळ्यालाही कळेल! कुणी विकला हा?"

दारात सेल्विन उभा होता. तोमासाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या पटकन म्हणाल्या, "असू दे मास्तर. साहेबांना बिचाऱ्यांना माहीत नसेल. कामाच्या गडबडीत चुकतं माणूस."

वाट मोकळी होती. नुसती मान डोलवायची, 'हो हो, चुकलं' म्हणायचं, की सुटला! नऊ वर्षांत सेल्विन अशा कितीतरी वाटांनी सुटला होता. त्याने तोंड उघडलं, आणि त्यातून जे बाहेर पडलं ते स्पॅनिश नव्हतं.

"नान," तो किचेत म्हणाला. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला हाक मारतात, तशी त्याने हाक मारली. "मला माहीत होतं."

तोमासाबाईंच्या हातातला कागद गळून पडला. ओडिलियाने तोंडावर हात ठेवला.

"तुम्ही आमच्यातले?"

"हो. कोयोय. कांतेल गावचा. मी कागद वाचला होता, नान. सगळा वाचला होता. तो काळा तुमच्या पोरीच्या कामाचा होता, हेही माहीत होतं. हा खपत नव्हता. तुमच्या पायातल्या चपला बघितल्या आणि म्हटलं, हिला काय कळतंय."

"आणि मघाशी आम्ही बोललो ते?"

"सगळं ऐकलं."

तोमासाबाई स्टुलावर बसल्या. चिडल्या असत्या, तर त्याला सोपं गेलं असतं. त्या इतक्या हळू बोलल्या की त्याला वाकून ऐकावं लागलं.

"मग हेही ऐक. गेले आठ महिने मी हिला टोचून बोलले. शेजारणीची पोरगी पुढे गेली, तू का नाही? म्हणून विचारलं. एकदा हात उचलला. माझी पोर सांगत होती, मशीन थिजतं. मी म्हणायचे, खोटं बोलतेस, एवढ्या मोठ्या दुकानातला माणूस खोटं बोलेल का? पोटच्या पोरीपेक्षा मी तुझ्या इस्त्रीवर भरवसा ठेवला! तो गुन्हा माझा, तो मी फेडीन. पण तुला एक विचारते. माझी गाठ सैल बसली, रंग आत शिरला, नक्षी फिसकटली, तर मी विणणारीला म्हणते का, बाई, तुझे डोळे खराब? मी म्हणते, गाठ माझी. मला लिहिता-वाचता येत नाही, पण एवढं कळतं. तुला तर सगळं वाचता येत होतं रे!"

"नान, मशीन बदलून देतो. आजच देतो."

"मशीन देशील. पण 'मी मंद आहे' हे तू हिला शिकवलंस, ते कसं परत घेशील? सांग ना!"

सेल्विनचा चेहरा ओला झाला होता. मास्तर खिडकीबाहेर बघत होता.

"मी काय करू?" शेवटी त्याने विचारलं.

"जिथे हिला मंद ठरवलं तिथे चल. आणि मला सांगितलंस तेच तिथे सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी तंत्रशाळेच्या खोलीत नकाशे शिकवणाऱ्या इंजिनीअर मिर्नाबाईंसमोर तो उभा राहिला. बगलेत तो काळा, जाड लॅपटॉप होता, आणि बाजूला मायलेकी. आदल्या दिवशी मालकाने बरीच आदळआपट केली होती, पण मास्तर सेल्विनच्या बाजूने उभा राहिल्यावर त्याला अदलाबदल करून द्यावीच लागली होती. सेल्विनने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. कागद वाचल्याचं, बक्षिसाचं, आर्किटेक्टांच्या थापेचं.

मिर्नाबाईंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी टेबलावरची वही उघडली आणि स्वतःच लिहिलेली ओळ वाचली: 'गती नाही. कल नाही. काम वेळेवर देत नाही.' मग वही मिटली.

"पहिल्या वर्षी हाताने काढलेल्या नकाशांत ही वर्गात पहिली होती," त्या म्हणाल्या. "असा हात एका सुट्टीत बिघडतो का? हा प्रश्न मला पडायला हवा होता. शाळेतली मशीनं तासापुरती मिळतात, तेवढ्यात भिंतीच काढून होतात. मी कागद लिहून दिला, पण घरी काय आलं हे एकदाही विचारलं नाही. ओडिलिया, तू तरी का नाही सांगितलंस गं?"

"सगळ्यांची मशीनं चालत होती, बाई. माझं आर्किटेक्टांचं होतं. तेही चालत नाही म्हटलं असतं, तर सगळ्यांना कळलं असतं ना, की खोट माझ्यात आहे."

एवढंसं वाक्य! पण त्या खोलीतल्या तिन्ही मोठ्या माणसांना एकमेकांकडे बघवेना.

मिर्नाबाईंनी तिथल्या तिथे तिला अर्धवट राहिलेला दवाखान्याचा नकाशा पुरा करायला बसवलं. ओडिलिया बसली ती उठेचना. तोमासाबाई तिच्यामागे उभ्या होत्या, आणि पडद्यावर रेघेला रेघ जुळताना पाहून त्यांची सुजरी बोटं नकळत हवेत गाठी मारत होती. दुपारच्या जेवणाची घंटा व्हायच्या आत नकाशा पुरा झाला. एक जिना बाईंनी सांगितलेल्या मापाला धरून नव्हता. तो तिने स्वतःच शोधला आणि दुरुस्त केला.

सगळं काही भरून आलं, असं मात्र नाही. गुण आधीच वरच्या कचेरीत गेले होते. ते वर्ष गेलं ते गेलंच. जानेवारीत ओडिलियाला आपल्याहून लहान मुलांबरोबर पुन्हा त्याच वर्गात बसावं लागलं. धुण्याभांड्याला मात्र ती गेली नाही. तिने सेल्विनला माफ केलं का? विचारू नका. रस्त्यात दिसला तर ती दुसरीकडे बघते, आणि तो तिला दोष देत नाही.

मालक आठवडाभर सेल्विनशी बोलला नाही. मग बोलायला लागला, कारण दुकानात गर्दी वाढली होती. सेल्विन आता दारातून आलेल्या प्रत्येकाला, त्याच्या पायात काहीही असो, 'तुम्ही' म्हणतो आणि आधी एकच विचारतो: "याच्यावर काम काय करणार?" नकाशे काढणाऱ्याला तो म्हणतो, "तुमचा सगळ्यात मोठा नकाशा घेऊन या. इथे उघडा, फिरवा, पैसे मग द्या." परवा एक म्हातारा नातीसाठी लॅपटॉप घ्यायला आला होता. दारातच घुटमळत होता. विचारू की नको, आपल्याला यातलं काय कळतंय, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. सेल्विनने किचेत हाक मारली, "या ना तात, आत या. जे कळत नाही ते बिनधास्त विचारा. सांगायला मी आहे." दुकानातल्या बुटवाल्या गिऱ्हाइकांनी माना वळवून पाहिलं. सेल्विन म्हाताऱ्याला खुर्ची द्यायला गेला.

मंडळी, आपण सगळेच कधी काउंटरच्या अलीकडे असतो, कधी पलीकडे. विकणाऱ्यापाशी माहिती असते आणि घेणाऱ्यापाशी फक्त विश्वास. त्या विश्वासाला टोपी घालणारा नुसतं गिऱ्हाईक फसवत नाही. त्याने विकलेली खोटी वस्तू ज्या घरात जाते, तिथलं एखादं लेकरू ती खोट आयुष्यभर स्वतःची समजून बसतं. म्हणून वस्तू घेताना रूप बघू नका, तिच्याकडून काम करवून बघा, आणि प्रश्न विचारायला लाजू नका. आणि घरातलं पोर कधी रडवेल्या तोंडाने 'मला जमत नाही' म्हणालं, तर त्याच्यावर हात उचलण्याआधी, त्याला मंद म्हणण्याआधी, त्याच्या हातात आपण काय दिलंय ते एकदा नीट तपासून बघा.